आमची हत्यारं

दादा गेला आणि त्याच्या मागे एक पक्कड राहिली. तसं घर राहिलं, बायको राहिली, मी राहिले. पण बघताक्षणी दादाची म्हणून ओळखू यावी अशी वस्तू म्हणजे ती पक्कड. सांध्यात ढिली, दातांत जुना रंग अडकलेला, एका मुठीवरचं रबर निघून गेलं म्हणून तिथे सायकलची ट्यूब गुंडाळलेली. या एका पक्कडीने माझा भाऊ खिळे ठोकायचा, तिनेच उपटायचा, तार तोडायचा, नट आवळायचा, बाटल्यांची बुचं काढायचा. एकदा वहिनींच्या सुजलेल्या बोटातली अंगठी काढायला तीच घेऊन निघाला होता, तेव्हा मी मध्ये पडले. काम झालं की दोन पावलं मागे सरून बघायचा आणि म्हणायचा, "भागतंय."

सगळं घर असं भागवलेलं होतं. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार सुतळीने बांधलेलं. जेवणाच्या टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. न्हाणीघराचं दार खांदा लावल्याशिवाय उघडत नसे आणि लाथ घातल्याशिवाय लागत नसे. ओट्यावरच्या नळाच्या मानेला कधी दोरा, कधी रबर, कधी प्लास्टिकची पिशवी, अशी जन्माची मलमपट्टी. दादा होता तोवर हे चालत होतं, कारण एक सुटलं की तो दुसरं काहीतरी बांधायचा. तो गेल्यावर सुतळी कुजली, पुठ्ठा दबला आणि नळाने तर लाजच सोडली.

मी कोण ते सांगते. मी दादाची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारे सगळे आता वर गेले, त्यामुळे उत्तर देण्याची कटकटही संपली. चष्म्याच्या दुकानात मागच्या टेबलाशी बसून आयुष्य काढलं. काड्या बसवायच्या, काचा बसवायच्या, जेमतेम दिसतील असे स्क्रू आवळायचे. लोकांचे चष्मे सरळ करता करता माझाच नंबर वाढला. आई गेल्यावर भाड्याची खोली सोडली आणि दादाकडे आले. थोडे दिवस म्हणून आले होते. आधी ट्रंक बांधलेलीच ठेवली, मग उघडली, मग ती रिकामी होऊन माळ्यावर गेली.

वहिनींनी मला कधी वाईट वागवलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच बोलणार आहे. ताटात कधी कमी पडलं नाही, आजारी पडले तेव्हा उशाशी बसल्या. फक्त एका शब्दाची अडचण होती. "आमच्या घराला वारा जरा कमीच, ताई." "आमच्या घराच्या भिंतींना ओल फार." पाहुण्याला असं सांगितलं तर ठीक आहे. पण घरात आम्ही दोघी, समोर मी, आणि मलाच सांगायचं "आमचं घर". आपलं म्हटलं असतं तर मी आत होते. आमचं म्हटलं की मी उंबऱ्यापाशी. त्या मुद्दाम म्हणत नव्हत्या, हेच जास्त लागायचं. मुद्दाम म्हटलं असतं तर मी भांडले असते, भांडायला मी कुणाला हार जाणारी नाही. मी स्वतः नुसतं 'घर' म्हणायचे. घरी जाते, घर झाडलं, घराला कुलूप लावलं. कुणाचं, ते कधी जोडलं नाही.

दादाचं वर्षश्राद्ध होऊन गेलं आणि भाच्याचा फोन आला. भाचा म्हणजे दादा-वहिनींचा एकुलता एक, लांबच्या शहरात नोकरीला. वहिनींना कानाशी फोन धरायचा कंटाळा, त्यामुळे त्यांचे सगळे फोन स्वयंपाकघरभर ऐकू येतात.

"आई, आपलं घर आता राहण्यासारखं राहिलेलं नाही," तो म्हणाला. "नळ गळतो, दारं लागत नाहीत. बाबा होते तोवर ठीक होतं. तू इकडे ये. घर काढून टाकू."

"आणि ताई?"

"आत्याची कुठेतरी छान सोय करू ना."

पोरगा वाईट नाही. माझ्याच बोटाला धरून चालायला शिकला. पण सोय म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. आलेल्या पाहुण्याच्या अंथरुणाची सोय करतात, गावाला जाताना मांजराची सोय करतात. माणूस जिथे राहतो तिथे त्याची सोय करावी लागत नाही.

वहिनी हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. "सुट्टीत ये, मग बघू," म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय ठरवताय?"

वहिनी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमच्या घराचं काय ते आम्ही मायलेकरं बघू, ताई. तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?"

मायेनेच म्हणाल्या. पण मी लावून घेतलं. रडत बसण्यातली मी नाही, मला आधी राग येतो आणि रागात मला बरं सुचतं. घर राहण्यासारखं नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं ना? मग ते राहण्यासारखं करायचं. कारणच उरलं नाही तर विकतो कसा, ते बघते.

दुसऱ्या दिवशी कपाटाच्या बिजागरातला एक स्क्रू पर्समध्ये टाकून मी हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने मला एकदा वरून खाली पाहिलं आणि लाल प्लास्टिकची एक पेटी काउंटरवर आडवी केली. झाकण उघडलं तर आत दागिन्यांच्या पेटीसारख्या खाचा आणि प्रत्येक खाचेत काहीतरी चकचकीत.

"एवढी घरात असली की सगळं आलं बघा," तो म्हणाला.

"सगळं म्हणजे काय काय?"

त्याने चार वस्तूंची नावं घेतली आणि बाकीच्यांवरून नुसता हात फिरवला. त्यातला एक स्क्रूड्रायव्हर उचलून मी त्याचं टोक उजेडाकडे धरलं. कडा गोल होत्या. पर्समधला स्क्रू काढून त्याच्या खाचेत टोक घातलं, तर ते आत डुगडुगत होतं. आमच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात. स्क्रू आपण होऊन खराब होत नाही. न बसणारं टोक घालून कुणीतरी त्याला खराब करतं. मी पेटीचं झाकण लावलं.

"अहो बाई, काम तरी काय आहे?"

"कपाटाचं बिजागर."

"मग तेवढ्यापुरतं न्या," तो तोंड वाकडं करून म्हणाला.

तो चिडून बोलला, पण मला ते पटलं. तेवढ्यापुरतंच न्यायचं. आधी काम, मग हत्यार. एका वेळी एक, पण ते असं की पुन्हा घ्यायला लागू नये. त्याच्याकडचे सगळे स्क्रूड्रायव्हर मी एकेक करून त्या स्क्रूवर लावून पाहिले. त्याला घाम फुटला, पण एक असा बसला की स्क्रू उलटा केला तरी टोकावरून पडेना. मूठ लाकडी, हातात भरेल अशी. तोच घेतला.

घरी आल्यावर वहिनींनी पिशवीत डोकावून पाहिलं. "हे काय आणलंत?"

"हत्यार."

"शी, काय शब्द. कुणाचा खून करायचाय?"

"बिजागराचा."

बिजागराची भोकं घासून मोठी झाली होती, नुसता स्क्रू आवळून काही धरणार नव्हता. मी काड्यापेटीच्या काड्या गोंदात बुडवून भोकात ठोसल्या, वर आलेली टोकं मोडून टाकली आणि एक दिवस वाळू दिलं. मग स्क्रू फिरवला तर आत शिरताना कुरकुरला. लाकूड असं कुरकुरलं की समजायचं, धरलं. दार बसलं. वहिनींनी ते उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग सवयीने सुतळी घेऊन आल्या आणि हातात धरून उभ्या राहिल्या.

"आता ही कशाला बांधू?" म्हणाल्या.

स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवायचा हा प्रश्न आला. स्वयंपाकघरात एक खण होता, पण त्यात वहिनींच्या जुन्या पिशव्या, दोऱ्या, कसलीकसली झाकणं. "तुमची हत्यारं तुमच्या खोलीतच ठेवा हं, ताई," म्हणाल्या. मी बुटांच्या रिकाम्या खोक्यात तो घातला आणि खोका खाटेखाली सरकवला. चला, घरात काहीतरी माझं म्हणावं असं झालं.

मग खोका हळूहळू भरत गेला. टेबलासाठी मोजायची टेप आणली आणि बारीक दातांची करवत. शेजारचे काका म्हणाले, बाकीचे तीन पाय थोडे कापा. मी म्हटलं, असे पाय कापत गेलेल्या टेबलाचा शेवटी पाट होतो. आखूड पायाखाली लाकडाची चकती कापून बसवली आणि दादाच्या पुठ्ठ्याला निरोप दिला. ती चकती ठोकायला हातोडी आणली. दादाचीही एक हातोडी होती, पण तिचं डोकं एकदा उडून खिडकीतून बाहेर गेलं होतं आणि तेव्हापासून तो पक्कडीनेच ठोकत असे.

न्हाणीघराच्या दाराने मात्र मला रडवलं. दार कुठे घासतंय ते पेन्सिल फिरवून नक्की केलं, बिजागरं सोडवून दार आडवं केलं, छोटा रंधा आणला. पण मी सरकवला की तो लाकडात रुतायचा. जिथे गुळगुळीत व्हायचं तिथे खड्डे पडायला लागले. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"ताई, तुम्ही दाबताय. नुसतं सरकवायचं असतं ते."

"कधी धरलाय का हातात?"

"रंधा नाही धरला. पीठ जन्मभर मळलंय."

पदर खोचून त्या खाली बसल्या. रंधा हातात घेतला, एकदा मागेपुढे करून वजन पाहिलं आणि सरकवला. सर्रकन आवाज आला आणि लाकडाची लांब, पातळ गुंडाळी वर आली. वहिनी त्या गुंडाळीकडे बघतच राहिल्या. तिचा वास घेतला. मग दुसरी काढली, मग तिसरी.

"पुरे, वहिनी. दार उरू दे."

"एकच अजून."

ते दार आता करंगळीने लोटलं तरी लागतं. दुसऱ्या दिवसापासून वहिनी घरभर फिरून काय घासतंय ते शोधायला लागल्या. खिडक्या झाल्या, देवघराचं फळकुट झालं. "ताई, तो तुमचा रंधा द्या जरा." "ताई, तुमची टेप कुठाय?" हसत मागायच्या, काम झालं की पुसून आणून द्यायच्या. पण प्रत्येक वेळी तुमचा, तुमची. आणि घर आमचं. मी मनात म्हणायचे, भिंती कुणाच्या आणि खिळे कुणाचे, याची वाटणी चांगली झाली आहे.

भाचा यायच्या आदल्या दिवशी नळ तेवढा राहिला होता. मोठा-लहान होणारा एक पाना मी आणून ठेवला होता. नळ उघडायचा, आतला रबरी वायसर बदलायचा, मानेचा नट आवळायचा, एवढंच काम. वायसर आणायला मी बाहेर पडले आणि परत आले तर स्वयंपाकघरात तळं. ओट्यापाशी स्टुलावर वहिनी बसलेल्या, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात दादाची पक्कड.

मी आधी धावत जाऊन टाकीची चावी बंद केली. मग नळ पाहिला. नटाचे सहाच्या सहा कोपरे पक्कडीने घासून गोल केले होते. आता त्याच्यावर पाना बसण्याची आशा नव्हती.

"हे काय केलंत?"

"तुम्ही यायच्या आत करून ठेवावं म्हटलं."

"पक्कडीने? पाना आणलाय ना मी. खोक्यात होता."

"तुमच्या खोलीत, तुमच्या खाटेखाली, तुमच्या खोक्यात," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता, तो मी फारसा कधी ऐकला नव्हता. "तिथे हात कसा घालू मी, न विचारता? प्रत्येक वेळी मागायचं, प्रत्येक वेळी पुसून परत द्यायचं. शेजाऱ्याकडून आणल्यासारखं. माझ्या हक्काची ही एवढीच आहे घरात." आणि पक्कड मांडीवर आपटली.

उंबऱ्यापाशी उभं राहायचा मक्ता माझ्याकडेच आहे असं मी धरून चालले होते. माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी कुणी उभं असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बुटांच्या खोक्याला कसला उंबरा, पण होता खरा.

"तुम्हीच म्हणालात ना, तुमची हत्यारं तुमच्या खोलीत ठेवा," मी म्हटलं. पण जोर गेला होता.

"तेव्हा म्हणाले. तेव्हा मला काय माहीत, मला आवडतील म्हणून."

जमिनीवरचं पाणी हळूहळू मोरीकडे चाललं होतं. वहिनी पक्कडीच्या मुठीवरची ट्यूब नखाने सरळ करत होत्या. "एवढी वर्षं हिच्यावरच भागलं, ताई."

"पक्कडीवर नाही भागलं, वहिनी. तुम्ही भागवून घेतलंत."

हे मी बोलायला नको होतं, पण बोलून गेले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता रडतील किंवा मला दार दाखवतील. त्यातलं काहीच झालं नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "तुम्हीपण."

मग दोघींनी मिळून पाणी उपसलं. वहिनींनी साडी बदलली आणि म्हणाल्या, चला, मीपण येते. दुकानदाराला नटाची दशा सांगितली. त्याने डोक्याला हात लावला आणि सांगितलं की आता हा दातांच्या पाइप-पान्यानेच निघेल. दोन ठेवले पुढे. मी किंमत बघत होते, वहिनींनी दोन्ही एकेका हातात घेऊन तोलले, जबडा उघडून दातांवरून बोट फिरवलं आणि जड होता तो निवडला.

"हा. तो पोकळ वाटतो," म्हणाल्या.

दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "आता तुम्ही दोघी आलात होय? माझं काही खरं नाही."

नळाचं काम एकट्याचं नव्हतंच, हे ते करताना कळलं. नुसता नट फिरवायला गेलं की सगळा नळच फिरतो आणि भिंतीतला पाइप हलतो. एकीने नळ पान्यात घट्ट धरून ठेवायचा, दुसरीने नट फिरवायचा. मी साध्या पान्याने धरलं, वहिनींनी पाइप-पान्याने फिरवलं. आधी हलेचना. मी म्हटलं, लावा जोर. त्या म्हणाल्या, तुम्ही आधी नीट धरा. एकदाचा कर्रर्र आवाज झाला आणि नट सुटला. वायसर बदलला, सोबत आणलेला नवा नट बसवला, टाकीची चावी उघडली. आम्ही दोघी नळाखाली कोरडी वाटी ठेवून बसलो आणि एखाद्या परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तशी थेंबाची वाट बघितली. वाटी कोरडीच राहिली.

भाचा सकाळी आला. चहा घेण्याआधीच त्याने घरभर फेरी मारली. न्हाणीघराच्या दाराला सवयीने खांदा लावला आणि दार सहज उघडल्यामुळे सरळ आत गेला. बादली वाजली. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. कपाट त्याने दोनदा उघडून पाहिलं. टेबलावर कोपर टेकून ते हलवून पाहिलं. नळ सोडला, बंद केला, खाली वाकून पाहिलं.

"कुणाला बोलावलं होतं?"

"कुणालाच नाही," मी म्हटलं. "आम्हीच केलं."

"कमाल आहे तुमची." खुर्चीत बसून त्याने चहाचा मोठा घोट घेतला. त्याचा चेहरा असा खुलला होता की मला वाटलं, जिंकले मी. मग तो म्हणाला, "फार बरं झालं, आई. मला तीच काळजी होती की घेणारा नाक मुरडेल. आता आपलं घर हातोहात जाईल."

मी भिंतीला टेकले. एवढी अक्कल चालवून, खोका भरून, गुडघे फोडून मी काय केलं होतं, तर घर गिऱ्हाइकासाठी सजवून ठेवलं होतं. स्वतःच्या हाताने स्वतःची सोय लावली होती. वहिनींनी त्याच्या कपात आणखी चहा ओतला आणि बिस्किटं आणायला आत गेल्या. त्या बोलत नाहीत म्हणजे त्यांचं ठरलं, असं मी धरून चालले.

त्याच्या बॅगेचं हँडल एका बाजूने निघालं होतं. "आत्या, स्क्रूड्रायव्हर आहे का गं?" त्याने विचारलं. मी खोक्यातून काढून दिला. दुसरं काय करणार होते? त्याने हँडल बसवलं, ओढून पाहिलं, मग हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे कौतुकाने बघितलं.

"मस्त आहे हा. काय बसतो खाचेत. माझ्याकडचे सगळे टाकाऊ निघाले." आणि बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात सरकवत म्हणाला, "नेतो हा मी. आपलाच तर आहे."

वहिनी बिस्किटांचा डबा घेऊन दारात उभ्या होत्या. "तो ठेव," म्हणाल्या. "आमचा आहे."

आमचा. तो शब्द कानावर पडला आणि मी सवयीने एक पाऊल मागे सरले. दादाचा आणि त्यांचा. आणलेला मी असला तरी घर त्यांचं, म्हणून हत्यारही त्यांचंच झालं असणार, असं वाटलं.

भाच्यालाही तसंच वाटलं. "बाबांचा? बाबांकडे असला कुठे होता?"

"बाबांची पक्कड आहे त्या फळीवर. ती तू ने, तुझीच आहे. आठवण म्हणून ने, तिने काही काम करायला जाऊ नकोस." वहिनींनी डबा टेबलावर ठेवला. "हा आमचा आहे. ताईंचा आणि माझा."

"बरं, मग दुसरा आणून देतो तुम्हाला."

"आणि घरही आमचंच आहे," वहिनी त्याच सुरात म्हणाल्या. "ते हातोहात जायचं नाही. मागच्या दाराची कडी अजून बसवायची आहे आम्हाला."

भाचा आईकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. त्याला काय कळायचं ते कळलं असावं, कारण त्याने वाद घातला नाही. कप्प्यातून स्क्रूड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला आणि "बरं," म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा "बरं," म्हणाला. मग फळीवरून पक्कड काढून, तिची ढिली तोंडं उघडमीट करत बसला. बापासारखाच दिसला मला.

ज्या शब्दाने मला इतकी वर्षं दारात उभं केलं तोच शब्द होता तो. आतून तो कसा ऐकू येतो, हे मला कधी माहीतच नव्हतं. मला इतका आनंद झाला की लाज वाटली. भाचा आता त्या शब्दाच्या बाहेर उभा होता, त्याचं वाईट वाटलं. पण फार नाही.

वहिनी तोवर स्वयंपाकघरातला तो खण ओढून त्यातल्या पिशव्या, दोऱ्या, झाकणं सगळं जमिनीवर काढत होत्या. सुतळीचं भेंडोळं निघालं, ते केरात टाकलं. "ताई," त्यांनी आतूनच सांगितलं, "तो खोका आणा इकडे. हा खण मोकळा केलाय."

मी माझ्या खोलीत गेले आणि खाटेखाली वाकले. खोका समोरच होता, पण काढायला मला जरा जास्तच वेळ लागला.

"सापडत नाही का?" वहिनींनी हाक मारली.

"सापडला," मी म्हटलं. "आणते."